खालून तिसरी पायरी

बाईनं काडीला गुंडाळलेला कापूस जिभेवर ओला केला आणि सरळ काशीवर फिरवला.

"अगं अगं अगं!" अक्का किंचाळल्याच. "उष्टं लावलंस की देवाला!"

"आजी, थुंकीसारखं दुसरं औषध नाही," बाई शांतपणे म्हणाली. मिस दस्तूर तिचं नाव. मुंबईच्या लिलाववाल्यांनी चित्र बघायला सोलापूरला धाडलेली. "पाण्यानं रंग फुगतो. आमच्यात सगळे असंच करतात."

तिनं कापूस पुढं केला. काळाकुट्ट झाला होता. आणि चित्राच्या वरच्या कोपऱ्यात रुपयाएवढं निळं आभाळ उघडं पडलं होतं. अक्का तोंडावर पदर धरून बघत राहिल्या. त्या देवघरात कधी कुणी आभाळ बघितलं नव्हतं.

अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, सगुणा. बावीस-तेविसाव्या वर्षी नवरा गेला आणि माहेरी परत आल्या, त्या थेट स्वयंपाकघरात. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांची साठी उलटलेली. माझा नवरा हेमंत मस्कतला नोकरीला, माझे तिकडचे कागद अडकलेले, म्हणून मी सोलापूरला सासरी. घरात माणसं तीन. सासरे, अक्का आणि मी. सासऱ्यांना सगळं गाव भाऊसाहेब वकील म्हणायचं. वैरागकर वकील कोर्टात केस हरले असतील, पण वाद कधी हरले नाहीत, असं म्हणत लोक. घरात तर वाद घालायलाच कुणी नव्हतं.

आणि चौथी ती काशी. माझे आजेसासरे, आप्पा, कुठल्याशा संस्थानात वैद्य होते. राणीसाहेबांना बरं केलं म्हणून राजानं दिवाणखान्यातलं एक मोठं चित्र काढून दिलं. पाणी, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, होड्या, मागं घुमट. दुसरं काय असणार? म्हाताऱ्यानं घरी आणलं, देवघरात लावलं, अष्टगंध लावलं, संपलं. तेव्हापासून समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर खाऊन ते चित्र तव्याच्या बुडासारखं झालेलं. मी बी.ए. झालेली बाई, पण मलाही त्यात काशीच दिसायची. माणसाला जे दिसेल म्हणून सांगितलं, तेच दिसतं.

अक्कांची तर त्या चित्रात एक ठरलेली जागा होती. उजव्या हाताच्या पायऱ्या, खालून तिसरी. तिथं काहीतरी वाकलेलं, माणसासारखं दिसे. रोज सकाळी त्या पायरीवर एक फूल टेकवत. पडलं की पुन्हा टेकवत. मी नवी असताना एकदा विचारलं होतं.

"इथं ह्यांच्या अस्थी सोडल्या, बाई," अक्का म्हणाल्या होत्या. "मला हौस होती की काशीलाच जाव्यात. भाऊ एकटा गेला घेऊन. परत आला आणि ह्या चित्रात मला बोट ठेवून दाखवलं त्यानं. म्हणाला, सगुणे, ही बघ, खालून तिसरी पायरी. अस्सा वाकून सोडल्या. हा काळा वाकलाय ना, अगदी अस्सा."

"तुम्ही नाही गेलात कधी?"

"भाऊ म्हणतो, घरात काशी असताना काशीला कोण जातं? आणि मी गेले तर स्वयंपाकाचं काय?" हसल्या. "पण काशीला गेलं की आवडती वस्तू सोडायची असते ना, ती मात्र मी इथूनच सोडली. आंबा सोडला."

दर उन्हाळ्यात ही बाई पाटीभर आंबे पिळायची, कोपरापर्यंत रस ओघळायचा, आणि बोटसुद्धा चाटायची नाही. तसेच हात धुऊन यायची.

तर त्या दिवशी मिस दस्तूर बैठकीत दार लावून भाऊसाहेबांशी तासभर बोलली. मी चहा दिला तेवढ्यापुरती दोघं गप्प झाली. ती गेल्यावर भाऊसाहेब झोपाळ्यावर बसले आणि हाक मारली, "सगुणे!"

अक्का पदराला हात पुसत आल्या.

"चित्र मोलाचं निघालं. कुणा गोऱ्या चित्रकारानं काढलंय. पुढच्या महिन्यात मुंबईत लिलावाला काढतोय."

"काशी?" अक्कांचं हात पुसणं थांबलं. "भाऊ, विकायची म्हणतोस काशी? आप्पांनी जाताना मला दिलीय रे ती. चारचौघांसमोर म्हणाले, काशी सगुणेची."

"म्हणूनच तुला बोलावलं. नाहीतर विचारलं असतं होय? चुलत भाऊ उद्या कोर्टात जाऊन बोंबलतील. तुझी सही पाहिजे."

मला वाटलं आता ही बाई आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणणार. म्हणाल्याही. मान हलवून, अगदी हळू, "नाही रे भाऊ." मी मनात म्हटलं, शाब्बास!

पण भाऊसाहेब उगीच वकील नव्हते. झोपाळा थांबवला, आवाज मऊ केला. "सगुणे, चित्र ते चित्र. लिलाव झाला की तिथूनच तुला खऱ्या काशीला नेतो. तिकिटं काढतो. ती पायरी दाखवतो. खालून तिसरी. तिथं उभी राहा, गंगेत हात घाल, नवऱ्याला चार थेंब पाणी दे तुझ्या हातानं. मग मरायला मोकळी."

अक्कांचे डोळे घळघळा वाहायला लागले. "पायरी असेल रे अजून?"

"दगडाची पायरी कुठं जातीय?"

आणि अक्कांनी सही केली. सगुणा असं मोठ्या अक्षरात, जीभ दाताखाली धरून. त्या क्षणापासून त्यांना दुसरं काही सुचेना. गंगाजळासाठी तांब्याचा गडू चिंचेनं घासून लखलखीत केला. पायरीवर वाहायला वाळवलेल्या बुचाच्या फुलांची पुरचुंडी बांधली. रोज मला विचारत, "मृणाल, पायरीवर शेवाळ असेल का गं? पाय घसरला म्हणजे?"

"मी हात धरीन की," मी म्हणायची. सोबतीला मीही जाणार होते.

मुंबईत फोर्टातला तो हॉल. गार वारा, गुबगुबीत खुर्च्या, अत्तरं लावलेली माणसं. अक्का नऊवारीत, मांडीवर पिशवी, पिशवीत गडू. भाऊसाहेब मधे, एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला मी. पहिल्याच रांगेत. मालक म्हणून मान होता आमचा.

तीन-चार वस्तू विकल्या गेल्या. मग हातमोजे घातलेल्या दोघांनी एक चित्र आणून लाकडी घोडीवर ठेवलं आणि हॉलभर "वाऽ" झालं.

झगझगीत निळं आभाळ. हिरवं पाणी. गुलाबी घरं. पाण्यावर काळ्या लांबोड्या होड्या, त्यांत रंगीत कपड्यांतली माणसं.

"हे आपलं नव्हे गं," अक्का पुढं वाकून मला म्हणाल्या.

मला आधी तसंच वाटलं. पण चौकट आमचीच होती. खालच्या पट्टीला हार अडकवायच्या खिळ्याचं भोक होतं. आणि काळ्या कोटातला लिलाववाला इंग्रजीत सांगायला लागला. दोनशे वर्षांपूर्वीचा इटालियन चित्रकार, नाव काही माझ्या ध्यानात राहिलं नाही. व्हेनिस शहराचं दृश्य. मोठा कालवा, सकाळची वेळ.

मी भाऊसाहेबांकडे बघितलं. त्यांनी डोळ्याची पापणी हलवली नाही. त्यांना हे नवीन नव्हतं.

अक्कांना इंग्रजी कुठलं कळायला? पण चौकट त्यांनीही ओळखली. "आपलीच की गं! बया, किती उजळली! किती सुंदर केली माझी काशी!" असं म्हणून त्यांनी देवळात करतात तसे दोन्ही हात डोक्याच्याही वर नेऊन जोडले.

तेवढ्यात बोली सुरू झाली होती. लिलाववाल्यानं हातोडी अक्कांकडे रोखली. "पहिल्या रांगेतल्या बाई! थँक यू, मॅडम!"

माना वळल्या. भाऊसाहेबांनी झडप घालून अक्कांची मनगटं धरली आणि खाली दाबली. "हात खाली! खाली घे म्हणतो ना!" आणि उभं राहून लिलाववाल्याला इंग्रजीत म्हणाले, "माफ करा. ही बोली नव्हे. माझी बहीण देवाला नमस्कार करतेय."

हॉल खो खो हसला. एक जाड गृहस्थ तर डोळे पुसायला लागला. लिलाववालाही काही कच्चा नव्हता. "नमस्कार करण्यासारखंच चित्र आहे, सभ्य स्त्री-पुरुषहो," म्हणाला. पुन्हा हशा, आणि आकडा भराभरा चढायला लागला. हसलेली माणसं हात सैल सोडतात म्हणे. मेल्यांची करमणूक झाली आणि भाऊसाहेबांना फायदा.

अक्का मात्र आता हसत नव्हत्या. मनगटं भावाच्या मुठीत, आणि डोळे चित्रात. बायका सून बघायला गेल्यावर बघतात ना, वरपासून खालपर्यंत, तसं त्या बघत होत्या. घुमटापाशी थांबल्या.

"मृणाल, त्या कळसावर काय आहे गं?"

मी मान खाली घातली.

"क्रूस आहे का?"

"हो, अक्का."

"कुठलं गाव म्हणाला तो मघाशी?"

"सगुणे, गप्प बस," भाऊसाहेब दातओठ खाऊन म्हणाले. "बोली चाललीय."

"तुला नाही विचारलं. मृणाल, कुठलं गाव?"

आता खोटं बोलायचं तरी कुणासाठी? मी म्हटलं, "व्हेनिस. इटलीतलं. समुद्रात वसलेलं गाव आहे, अक्का. काशी नव्हे."

अक्कांची नजर उजव्या बाजूला गेली. ओठ हलत होते. एक, दोन, तीन. मीही मोजलं. खालून तिसऱ्या पायरीवर टोपी घातलेला एक कोळी वाकून बसला होता आणि सुरीनं मासा साफ करत होता. शेजारी आतड्यांचा ढीग, आणि त्या ढिगाला तोंड लावून बसलेली मांजर. त्या ढिगावरच अक्कांचं फूल टेकायचं, रोज.

हातोडी पडली. टाळ्या झाल्या. भाऊसाहेबांनी अक्कांची मनगटं सोडली, कारण त्यांना लोकांचे हात हातात घ्यायचे होते.

हॉलच्या बाहेर व्हरांड्यात एक बाक होता. अक्का त्यावर बसल्या. भाऊसाहेब अभिनंदनं गोळा करून आले, चेहरा फुललेला.

"चला. झकास झालं."

"भाऊ," अक्का म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं?"

"कॉलेजात असल्यापासून. पुस्तकात बघितलं होतं. आप्पांना सांगितलं असतं तर म्हाताऱ्याचा जीव गेला असता."

"म्हणजे हे गेले त्याच्या आधीपासून."

"असेल."

"मग पायरी?"

"कसली पायरी?"

"तू म्हणालास, इथं सोडल्या. अस्सा वाकून. बोट ठेवून दाखवलंस की तू मला, भाऊ. ह्या गावात तर तू गेला नाहीस. मग अस्थी कुठं आहेत?"

भाऊसाहेबांनी घड्याळ बघितलं. खोटं बोलायचं असतं तर बोलू शकले असते, तोंडात तयारच असायचं त्यांच्या. पण त्या दिवशी ते जिंकले होते, आणि जिंकलेल्या माणसाला खोटं बोलायचे कष्ट नको वाटतात.

"भीमेत," ते म्हणाले. "टेंभुर्णीच्या पुढं पूल आहे ना, तिथं. पुण्याला केस होती माझी. काशीला जायचं म्हणजे आठ दिवस मोडले असते. मी पुण्यातच राहिलो आठ दिवस, काम उरकलं आणि आलो."

"नदीत उतरला होतास?"

"बस कशी थांबेल गं मधेच पुलावर? खिडकीतून सोडल्या."

"पिशवीसकट?"

"आता पिशवी सोडत बसू काय? पाणी ते पाणी, सगुणे. गंगा काय, भीमा काय. तुझ्या मनाचं समाधान झालं ना? चाळीस वर्षं सुखानं फुलं वाहिलीस. माझ्यामुळेच."

मी आयुष्यात बरीच वाईट माणसं बघितली. पण 'माझ्यामुळेच' म्हणताना तो माणूस मनापासून म्हणत होता, उपकार केल्यासारखा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"आणि आता काशीला नेऊन कुठली पायरी दाखवणार होतास?" अक्कांनी विचारलं.

"पायऱ्यांना काय तोटा आहे तिथं?"

अक्कांनी मान डोलवली. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पिशवीतून फुलांची पुरचुंडी काढली, बाकाखाली ठेवली आणि उठल्या.

रात्री आम्ही उतरलो होतो त्या दादरच्या खाणावळीत पंगत बसली. आंब्याचे दिवस. वाढपी रसाचं भांडं घेऊन आला. सवयीनं भाऊसाहेब म्हणाले, "त्यांना नको. त्यांनी आंबा सोडलाय."

"वाढ," अक्का म्हणाल्या.

वाढप्यानं वाटी भरली. अक्कांनी ती तोंडाला लावली आणि घटाघट रिकामी केली. "वाढ." दुसरी. "वाढ." तिसरी. भावावरची नजर काढली नाही त्यांनी. रस हनुवटीवरून ओघळला, पांढऱ्या पातळावर पडला, मनगटावर भाऊसाहेबांच्या बोटांचे वळ उमटले होते त्यांवरून वाहिला. मग पाचही बोटं एकेक करून चाटली. शेजारच्या पंगतीतली माणसं बघायला लागली.

"सगुणे, शोभतं का हे?"

"सोडलेलं परत घेतलं, भाऊ. सोडलं कुठं होतं ते मला आजच कळलं ना."

काशीची तिकिटं परत केली. त्यांनीच सांगितलं, मला जायचं नाही. भाऊसाहेबांना बरंच वाटलं. सोलापूरला आल्यावर देवघरातल्या भिंतीवर चित्राच्या मापाचा एक पांढरा चौकोन उरला होता. अक्कांनी त्यावर काही लावलं नाही. स्वयंपाक मात्र पहिल्यासारखाच करायच्या. मला वाटलं, संपलं. बाईमाणूस काय करणार?

दोन वर्षांनी भाऊसाहेबांना अर्धांगाचा झटका आला. अंगाची एक बाजू सगळी गेली, जीभ तेवढी शाबूत. आणि गंमत बघा, ज्या माणसानं जन्मभर पाणी ते पाणी म्हटलं, त्याला मरण दिसायला लागल्यावर गंगा आठवली. हेमंतला फोनवर शपथ घातली, माझ्या अस्थी काशीलाच. मला सांगितलं. शेवटी अक्कांना.

त्या त्यांना चमच्यानं पेज भरवत होत्या. मी औषधं लावत होते.

"सगुणे, भीमेत नको हं मला. भीती वाटते. गंगेतच टाकाल ना?"

"होय की," अक्का म्हणाल्या आणि हनुवटीवरची पेज पुसली.

"तू जाशील घेऊन? हेमंतला सुट्टी मिळायची नाही. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही मला."

"मीच जाईन, भाऊ. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. आ कर."

त्यांनी हात जोडायला बघितलं. एकच हात वर आला. तो अक्कांनी धरला आणि हळूच खाली ठेवला.

भाऊसाहेब गेले. हेमंत आला, दिवस केले, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचं विमान. जाताना अक्कांच्या पाया पडून रडला. "अक्का, तुमच्यामुळे भाऊंची इच्छा पुरी होतेय. तुमचीही काशी होईल."

"होय की रे," अक्का म्हणाल्या.

पुण्यापर्यंत एस.टी., तिथून काशीची गाडी, असं ठरलं होतं. अक्का खिडकीशी, मी शेजारी. मांडीवर पिशवी, तोंड सुतळीनं घट्ट बांधलेली. टेंभुर्णी गेली. अक्का सरसावून बसल्या तेव्हा मला कळलं, आणि मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं. मी त्यांचा हात धरू शकले असते. मी पाय आखडून घेतले, त्यांना नीट वळता यावं म्हणून.

पूल आला. अक्कांनी पिशवी उचलली, खिडकीच्या गजांमधून बाहेर काढली आणि सोडली. खाली भीमेला उन्हाळ्याचं पाणी, निम्मं वाळू. कुठं पडली ते बघायलाही त्यांनी मान वळवली नाही. हात पदराला पुसले.

"बाई, काय टाकलं?" मागून कंडक्टर ओरडला.

"खरकटं होतं," अक्का म्हणाल्या.

पुण्यात आम्ही माझ्या माहेरी आठ दिवस राहिलो. आईनं रोज रस केला. अक्का रोज पोटभर जेवायच्या, दुपारी झोपायच्या, संध्याकाळी आईबरोबर भाजी आणायला जायच्या. सोलापूरला परतलो त्या संध्याकाळी हेमंतचा मस्कतहून फोन आला. मी रिसीव्हर अक्कांच्या हातात दिला. आवाज बाहेरपर्यंत येत होता त्याचा, रडवेला.

"अक्का, नीट झालं ना सगळं? कुठल्या घाटावर सोडल्या?"

अक्कांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"घाटाचं नाव कोण ध्यानात ठेवतंय, बाळा? पायरी सांगते ना तुला. खालून तिसरी. अस्सं वाकून सोडल्या."